साहेबांचं शेपूट

आमचे साहेब म्हणजे एक नंबरचं ढोंग. वय एकसष्ट, केस काळे कुळकुळीत, तेही बाटलीतले, आणि विकायचं काय, तर म्हातारपण थोपवणारी गोळी. लॅबची साफसफाई करणाऱ्या मावशी त्यांच्याच वयाच्या. "वय झालं" म्हणून साहेबांनी सोमवारी त्यांना पत्र दिलं, महिनाअखेर काम बंद. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणाऱ्या त्या एकट्या.

गोळीमुळे डीएनएची दुरुस्ती सुधारते, हे साहेबांचं पालुपद. तपासायचं मी. रक्तातल्या पेशींना मुद्दाम इजा करायची, सावरायला तासभर द्यायचा, मग विजेचा प्रवाह सोडायचा. डीएनए सांधला गेला तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल ठिपका दिसतो, तुटकाच राहिला तर ठिपक्यामागे शेपूट लोंबतं. वय वाढतं तशी ही डागडुजी बहुधा रेंगाळते. नळ्यांवर नुसते नंबर असतात, नावांची यादी पाकिटात बंद. बघणाऱ्याला मोह नको.

साहेब वर्षभर गोळी खात होते. त्यांचं रक्त घेतलं, तुलनेला मावशींचं. मावशींनी गोळी हुंगलीसुद्धा नव्हती. साहेबांनी डोळा लावला. सात नंबरला गोल गरगरीत ठिपके, चार नंबरला लांबलचक शेपटं.

"सात मी," साहेब म्हणाले. "चार ती म्हातारी. बिचारी."

मी पाकीट फोडलं. सात मावशी होत्या.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण साहेबांना एका माणसावरूनच गोळी खपवायची होती. "नंबर चुकलेत, बदल," म्हणाले. आणि मी बदलले. मला माझीच किळस आली.

गोळीत पैसा घालायला आलेले पाहुणे तो निकाल बघून हुरळले, पण आमच्यासमोर करून दाखवा म्हणाले. साहेबांनी फर्मावलं, "तिचं रक्त सकाळीच काढून ठेव. वर माझं नाव घाल."

मावशी फरशी पुसत होत्या. मी विचारलं तशा थांबल्या. "वय झालेल्या बाईचं रक्त कशाला रे? आधी ते पत्र मागे घ्यायला सांग."

मी जाऊन सांगितलं. साहेब फिस्कारले, "अशा छप्पन्न मिळतील. पत्र राहू दे, रक्त तेवढं काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्या सरसावून बसले. साहेब दुरुस्तीवर प्रवचन झोडत होते, फ्रीजमधून मी नळी काढीन या भरवशावर. फ्रीजमध्ये नळी नव्हतीच. मी सुई आणि दंडाला बांधायचा पट्टा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"साहेब, बाही वर करा."