आठ वाक्यं

“मग?” मर्नाने विचारलं आणि पेन्सिल पुन्हा कागदाला टेकवली.

“खिडकीतून आली,” रेमी म्हणाली.

मर्नाने ते मोठ्याने म्हणत लिहिलं. मूल सांगेल ते शब्दाला शब्द उतरवायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. म्हणजे आपलं बोलणं कागदावर राहतं हे चार वर्षांच्या पोराला कळतं. केंटकीच्या डोंगरातल्या या बालवाडीत ती बारा वर्षं हेच करत आली होती. रेमीसाठी मात्र पेन्सिल आज पहिल्यांदा चालली.

सप्टेंबरात आली तेव्हा ही पोर चकार शब्द काढत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची. तिची आजी हेझल, रेमीची मॅमॉ, दारातच म्हणाली होती, “बाई, हिला बोलती करा हो. घरात आम्ही दोघीच. मी भिंतींशी तरी किती बोलू?” मर्नाने सहा महिने तिला मांडीवर घेऊन चित्रांची पुस्तकं वाचली. आणि आज, नेमक्या जिल्हा ऑफिसातल्या मिसेस प्रॅट मुलांची भाषा तपासायला आलेल्या असताना, रेमी आपणहून गोष्टीच्या टेबलाशी येऊन बसली होती.

गोष्ट लिहून झाली की ती सगळ्यांनी करून दाखवायची. गालिच्यावर चिकटपट्टीचा चौकोन होता, तोच रंगमंच. रेमीने नावं घेऊन पात्रं निवडली.

“केलेब, तू खिडकी.”

“हॅट्! मी अस्वल होणार.”

“माझ्या गोष्टीत अस्वल नाहीये.”

केलेब मुकाट्याने खिडकी झाला. मर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाचायला सुरुवात केली आणि पोरं तसतशी करत गेली.

“आई आली. खिडकीतून आली. मॅमॉने खिडकी उघडली. आईला गार लागत होतं. आई माझ्या पलंगात झोपते. तिचे पाय थंड असतात. मॅमॉ म्हणते, कुणाला सांगायचं नाही. मग आम्ही मक्याचा पाव खातो.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. मर्नाने कागद मिसेस प्रॅटच्या हातात दिला. त्यांनी मागितला नव्हता, हिनेच दिला.

“आठ वाक्यं! सप्टेंबरात एक शब्द नव्हता, बघा.”

“छान,” मिसेस प्रॅट म्हणाल्या. मग त्यांनी तो पुन्हा वाचला. “मुलीचा ताबा कुणाकडे आहे?”

“आजीकडे. कोर्टाचा कागद आहे ना, इथेच माझ्या...”

मर्नाचा हात खणावरच थांबला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: आईचं नशेच्या गोळ्यांचं व्यसन सुटेपर्यंत तिने त्या घरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर मुलगी आजीकडे राहणार नाही. हा कागद सहा महिने मर्नाच्या खणात होता. वाक्यं मोजण्याच्या नादात तिने ती ऐकलीच नव्हती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात लोक. मर्नाने तो उचलून दुसऱ्यांच्या पायावर टाकला होता.

“चारच वर्षांची आहे. पोरं काहीही रचतात,” ती म्हणाली.

“थंड पाय कुणी रचत नाही, मर्ना. आता मी वाचलंच नाही असं मला म्हणता येणार नाही. तुम्हालाही नाही.”

दुसऱ्याच दिवशी बालकल्याण खात्याच्या लोकांनी रेमीला आजीकडून काढून गावातल्या एका परक्या घरी ठेवलं. आठवड्याने हेझल बालवाडीत आली. हातात रेमीची गोधडी होती.

“ही तिला द्या. मला भेटू देत नाहीत.” ती जायला वळली आणि थांबली. “गारठ्यात पोटच्या पोरीला बाहेर ठेवायला हवं होतं मी. चुकलंच माझं.”

“हेझल, मला खरंच...”

“तुम्हाला काय बोलू, बाई? बोलती करा म्हणून मीच तर सांगितलं होतं.”

मर्नाने गोधडी रेमीला दिली. रेमीने ती नाकाशी धरली, बराच वेळ. मग गोष्टीच्या टेबलाशी येऊन बसली. मर्नाने घाईने कोरा कागद ओढला.

“सांग, राणी. मी लिहिते.”

रेमीने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि परत डब्यात ठेवली. मग दुधाच्या पेल्याकडे बोट केलं.