गैरहजर शब्दांची वही

मित्रांनो, मी एक जुने हजेरीबुक आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी तीनच महिने कामगारांची हजेरी घेतली. मग कारखाना बंद पडला आणि माझी पावणेदोनशे पाने कोरीच राहिली. तिथले टाइमकीपर दत्तोबा मला घरी घेऊन आले. त्यांची पत्नी कुसुमताई चिंचवडच्या एका तंत्रनिकेतनात ग्रंथपाल होत्या. कोरी पाने वाया जाताना त्यांना बघवत नसत. त्यांनी मला ग्रंथालयात नेऊन संगणकाशेजारी ठेवले.

तेव्हा कॉलेजने शोधनिबंधांचा मोठा ऑनलाइन संग्रह नुकताच घेतला होता. जगभरचे लाखो निबंध त्यात होते, पण मुलांना हवा तो काही सापडत नसे. कुसुमताईंनी नियम केला. शोधासाठी जो शब्द टाकाल तो माझ्यात लिहायचा आणि पुढे खूण करायची. उपयोगाचे सापडले तर 'ह', नाही तर 'गै'. मुले हसायची. "अहो ताई, न सापडलेलं कशाला लिहायचं?" कुसुमताई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "सापडलेलं कोणीही लिहितं रे."

मला ते मनापासून पटले. हजेरीबुकाचा स्वभावच तसा. कोण आले नाही ते आम्हाला आधी दिसते.

खूप मुले आली आणि गेली. एकाने तर नुसते 'मोटर' लिहून सहा लाख निबंध गोळा केले आणि डोके धरून बसला! पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती वर्षाली. ती मूळची बीडकडची. दिवसा चाकणच्या कंपनीत ग्राइंडिंग मशीन चालवायची आणि संध्याकाळी डिप्लोमाच्या वर्गाला यायची. कंपनीच्या बसमधून उतरून ती थेट ग्रंथालयात शिरली, तेव्हा तिची बोटे भेगाळून लाल झाली होती. पेनसुद्धा धड धरवत नव्हते.

"मशीन गार ठेवायला ते पांढरं कूलंट पडत असतं, त्यानंच झालंय," ती म्हणाली. "पण सुपरवायझर म्हणतो, घरचा साबण बदल. कंपनीचे डॉक्टरबी तेच म्हणतेत. पंधरा दिवसांत हात बरे झाले न्हाईत तर पुन्हा पॅकिंगला टाकणार. ताई, आयटीआय करून मी तीन वर्षं खोकी चिकटवलीत. मला मशीन सोडायचं न्हाई."

कुसुमताईंनी तिला खुर्ची दिली. पहिल्या दिवशी वर्षालीने अख्खा प्रश्नच इंग्रजीत टाकला. काहीच आले नाही. गै. मग नुसते 'कूलंट' टाकले, तर गाड्यांची इंजिने आणि वीजकेंद्रे यांवरचे हजारो निबंध आले. गै. ती रोज येत होती, रोज लिहीत होती. नवव्या वेळी तिला रडू कोसळले आणि माझ्या पानावर दोन थेंब पडले. मला फार वाईट वाटले.

"असं बघ," कुसुमताई म्हणाल्या, "गावात ज्याला सगळे बाळ्या म्हणतात, त्याचं रेशनकार्डावर वेगळंच नाव असतं. इथं कार्डावरचं नाव लागतं. ते कसं शोधशील? जवळपासचा एक तरी निबंध धर आणि त्याच्या सुरुवातीला दिलेले शब्द उतरवून घे."

अकराव्या वेळी एका परदेशी लेथ कामगारावरचा निबंध मिळाला. तो तिच्या कामाचा नव्हता, पण सारांशाखाली शब्दांची रांग होती. कूलंटला हे लोक 'मेटलवर्किंग फ्लुइड' म्हणत होते आणि हाताच्या त्रासाला 'हँड एक्झिमा'. दोन्ही शब्द जोडून तिने बाराव्यांदा शोधले. एकसष्ट निबंध! 'ह' लिहिताना तिने पेन इतके दाबले की खालच्या पानावरही ठसा उमटला.

त्यांतले तीन निबंध घेऊन ती कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ते वाचले, तिला त्वचेच्या तपासणीला पाठवले, आणि कूलंट खराब होऊ नये म्हणून घातलेले एक रसायनच तिला बाधते हे कळले. तिच्या मशीनचे कूलंट बदलले आणि पंधरा दिवसांची मुदतही मागे पडली. चार महिन्यांत हात बरे झाले आणि मशीनही राहिले.

पुढे कुसुमताई निवृत्त झाल्या. नवे ग्रंथपाल ओंकारसर भले माणूस, पण त्यांचा सगळा भरवसा संगणकावर. माझ्यावर जुनी मासिके साचली. एक दिवस आम्हा सर्वांना सुतळीने बांधून रद्दीसाठी दाराशी ठेवले. कुसुमताईंची खूप आठवण आली.

त्याच संध्याकाळी वर्षाली आली. तिच्या वर्गातली सलिमा सोबत होती. सलिमा तळेगावच्या एका कंपनीत तसलेच मशीन चालवायची, आणि तिचे हात अगदी तसेच.

"सर, ते हजेरीबुक कुठंय?" वर्षालीने विचारले आणि उत्तराची वाट न बघता सुतळी सोडली.

सलिमाने माझ्यातल्या अकरा ओळी सावकाश वाचल्या. "दीदी, अकरा वेळा गैरहजर? मी तर तिसऱ्यालाच सोडून दिलं असतं."

"तुला कशाला सोडायचंय? तू बाराव्या ओळीपासून सुरू कर."

मित्रांनो, तुम्हीही खूप शोधाल, पुष्कळ चुकाल. त्या चुका लाजून खोडू नका, आणि त्या लिहून ठेवणाऱ्या वहीला रद्दीत देऊ नका. त्या संध्याकाळी वर्ग सुरू व्हायच्या आत सलिमाच्या हातात तिला हवे ते निबंध होते.