अकरा मिनिटांचं पॉलिश

माझ्या नवऱ्याचं घड्याळ मी अकरा मिनिटांत खराब केलं, तेही माझ्याच मशीनवर, माझ्याच हातांनी, अगदी मन लावून. मुद्दाम खराब करायला बसले असते तर इतकं सुबक जमलं नसतं.

माझा बफिंगचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली, दोन मोटारी, त्यावर फिरणारी कापडी चाकं आणि भिंतींवर बसलेली काळी पूड, जी आता कशानेही निघायची नाही. नळ, दारांच्या मुठी, दवाखान्यातले ट्रे, शाळांचे करंडक, जे येईल ते मी चाकावर धरते आणि चकचकीत करून परत देते. तीस वर्षं हेच केलं. धातूची कुठलीही वस्तू मळकट दिसली की माझे हात शिवशिवतात, हा माझा दोषच म्हणा.

आमचे हे तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. रेघ केसभर इकडची तिकडे झाली तर मुलाला अख्खा कागद पुन्हा काढायला लावणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावाही. आता गोळ्या मी देते, शर्टाची बटणं मी लावते, बुटांचे बंद मी बांधते. आणि रोज सकाळी सातला त्यांच्या घड्याळाला चावीही मीच द्यायचे. हे अजून अंथरुणात असायचे, तेवढ्यात फळीवरून घड्याळ उचलायचं, ते इवलंसं बटण चिमटीत धरायचं आणि फिरवत राहायचं. स्टीलचं घड्याळ, एका परदेशी इंजिनिअरकडून घेतलेलं. ह्यांच्या हातात आलं तेव्हाही ते जुनंच होतं.

एक दिवस चहा पिताना हे म्हणाले, "घड्याळ विकून टाकू या."

"का हो? चांगलं चाललंय की."

"मनगटावर नुसतं नाचतं. वेळ वाचता येत नाही मला."

मला हायसं वाटलं. सकाळच्या धांदलीतलं एक काम कमी होणार होतं, बाकी काही नाही. आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण हे असं कुणाला सांगायची सोय नसते.

मग ते विकायचं कुठे याचा खल सुरू झाला. ह्यांनी आलेखाचा कागद घेतला आणि थरथरत्या रेघांनी चक्क तक्ता आखला. फोनवर जाहिरात टाकावी, तर दिवसभर कोण कोण फोन करून डोकं खाणार. दुकानात द्यावं, तर दुकानदार आपल्यासमोर नाक मुरडणार आणि गिऱ्हाइकासमोर गुण गाणार. आमच्या नेहमीच्या घड्याळजीकडे काचेच्या कपाटात ठेवावं, तर तो पैसे चोख देईल, पण गिऱ्हाईक कधी येईल ते कुणी सांगावं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ह्यांनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला होता: घालणार का?

"माझी एवढीच अट आहे," हे म्हणाले. "पेटीत ठेवणाऱ्याला द्यायचं नाही. घड्याळ मनगटावर राहिलं पाहिजे."

एवढ्यात माझे धाकटे दीर आले. भावजींना जगातल्या सगळ्या गोष्टींतलं कळतं, आणि जे कळत नाही त्यातला एक माणूस ते ओळखतात. त्यांनी घड्याळाचा फोटो कुठेतरी पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी एक संग्राहक गाठून आणला. त्याच्याकडे म्हणे दोनशे घड्याळं आहेत, सगळी मखमलीच्या खणांत, एकही चालू नाही. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली.

"रविवारी येतोय तो," भावजी म्हणाले. "वहिनी, आता दादाला अटबिट सांगू देऊ नका."

ह्यांनी तक्त्याची घडी घातली. दोन दिवस ती खिशात घेऊन फिरले. मग म्हणाले, "त्यालाच देऊ. त्या पैशांत सकाळपुरता एक माणूस ठेवता येईल वर्षभर. तुला जरा मोकळीक मिळेल."

माझ्यासाठी हा माणूस आपली एकुलती एक अट सोडत होता. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी कामाला लागते. शुक्रवारी दुपारी हे झोपले असताना मी घड्याळ कारखान्यात नेलं. पट्टा काढला, काचेला आणि चावीला चिकटपट्टी लावली, मऊ चाक चढवलं, पॉलिशची वडी फिरवली. चाळीस वर्षांचे ओरखडे अकरा मिनिटांत गेले. घड्याळात तोंड दिसायला लागलं. संग्राहक बघतच राहील, असं मी स्वतःशीच म्हणाले.

शनिवारी नवा पट्टा घ्यायला घड्याळजीकडे गेले. त्याने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ एकदा फिरवलं आणि भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

"हा उद्योग कुणी केला?"

"मी," मी कौतुकाच्या तयारीत म्हणाले.

"ताई, याच्या कडा गेल्या. वरच्या बाजूला कंपनीच्या बारीक रेघा असतात, त्याही गेल्या. संग्रह करणाऱ्याला ओरखडे चालतात, पॉलिश चालत नाही. तो आता याला हात लावणार नाही."

घड्याळजीला माझी दया आली असावी. नवा पट्टा चढवता चढवता तो म्हणाला, "यंत्र मात्र झकास आहे. घालणाऱ्याला काय फरक पडतो? माझ्याकडे एक बाई विचारून गेल्यात. रंगाच्या कारखान्यात थिनरचं गोदाम सांभाळतात. आत फोन नाही, बॅटरीवर चालणारं काहीच नेऊ देत नाहीत. ठिणगीची भीती. त्यांना चावीचंच घड्याळ हवंय. पण संग्राहकाचा आकडा विसरा. फार तर निम्मे मिळतील."

घरी आले ती तोंडाला कुलूप लावून. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना कड कशी सरळ हवी ते शिकवलं, त्याच्या घड्याळाची कड मी खाल्ली होती. शिवाय वर्षभराचा सकाळचा माणूसही खाल्ला होता. शनिवारी मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "चहा घेता का?" एवढंच विचारलं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "अगं, किती चहा पाजशील?"

रविवारी सकाळी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. दहा वाजता संग्राहक येणार होता. तिसऱ्या बटणावर मी थांबले.

"अहो, मी घड्याळ पॉलिश केलं. चाकावर. ते वाया गेलं. तो माणूस घेणार नाही."

मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीपाशी गेले आणि अंगठा कडेवरून फिरवत राहिले. अंगठा थरथरत होता, पण बोटांना कड कळते, हात थरथरला म्हणून ते विसरत नाहीत.

"गोल झाली," ते म्हणाले.

"हो."

"घेणार नाही म्हणतेस?"

"नाही घेणार."

"नक्की ना?"

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो तिथे नव्हताच. त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि मी पुढे होऊन उरलेली बटणं लावायला घेतली.

"तीन दिवस मला जेवण गेलं नाही," ते म्हणाले. "हो म्हणून बसलो होतो. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू? तो मखमलीचा खण डोळ्यांसमोरून हलत नव्हता."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भावजींचा फोन आला. संग्राहकाला निघण्यापूर्वी एवढंच विचारायचं होतं की घड्याळाला कुणी पॉलिश तर केलेलं नाही ना. "केलंय ना," मी म्हणाले. "मी स्वतः. आरशासारखं." मग भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही धन्य आहात." त्यांच्याकडून मिळालेली ही पहिलीच पावती.

मी घड्याळजीला निरोप दिला आणि संध्याकाळी तो त्या गोदामाच्या बाईंना घेऊन आला. धिप्पाड बाई, मोठे हात, बोटांना रंगाचे डाग. घड्याळ मनगटावर चढवून त्यांनी कानाशी धरलं आणि हसल्या. कडेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पैसे निम्मेच मिळाले, म्हणजे वर्षाचा माणूस सहा महिन्यांवर आला.

"रोज एकाच वेळी चावी द्या," ह्यांनी त्यांना बजावलं. "बावीस फेरे. पुढे अडलं की थांबायचं, जबरदस्ती नाही." बाईंनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली.

सोमवारी सातला माझा हात सवयीने फळीकडे गेला. फळी रिकामी होती. मागे वळले तर हे जागे होते.

"रोज जागाच असायचो मी," ते म्हणाले. "तुझे फेरे मोजायचो. बावीसच्या बावीस. एकदाही अठरावर सोडलं नाहीस."

मला आता लपवायला काही उरलं नव्हतं. "कंटाळा यायचा हो मला," मी म्हणाले.

"माहीत आहे. अठराच्या पुढे तुझा वेग वाढायचा. म्हणून तर विकायचं म्हटलं."

आणि मला सांगितलं काय, तर वेळ वाचता येत नाही म्हणे. मी शर्ट आणायला वळले, तर त्यांनी माझा पदर धरला.

"बस ना जरा," ते म्हणाले. "बावीस फेऱ्यांचा वेळ आहे आपल्याकडे."

मी त्यांच्या शेजारी बसले.