साबण काळा होईपर्यंत

“आज खोकू नकोस गं, जमेल तेवढं,” कारखान्याच्या फाटकातून शिरता शिरता मिस्त्री बायकोला म्हणाला.

“मी काय हौसेनं खोकते? रात्रभर छाती भरलीय. घरी जाऊ का?”

“मग मला सांगणार कोण?”

तिने रुमाल तोंडाला लावला आणि ती आपल्या बाकाकडे गेली.

मिस्त्रीचे काम अॅल्युमिनियमच्या नळ्यांची तोंडे निमुळती करण्याचे. गरगर फिरणाऱ्या नळीवर रूळ दाबत न्यायचा. पण हा धातू भारी मानी. थोडा दाबला की अडून बसतो, आणखी रेटला की फाटतो. मग त्याची मनधरणी करायची. नळीला साबण फासून ज्योत धरायची, साबण काळा पडला की नळी मऊ झाली, ज्योत बाजूला. घाई केली तर फाटणार, उशीर केला तर वितळणार. मिस्त्रीचा सारा जन्म तो काळा रंग पाहण्यात गेला, आणि आता नेमका तोच दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

तेव्हापासून शेजारच्या बाकावर नळ्या बांधणारी बायको साबणावर नजर ठेवायची. काळा पडला की खोकायची. कुणाला पत्ता नव्हता. पण गेल्या आठवड्यात तिला खराच खोकला लागला आणि नळ्या फाटू लागल्या.

“मिस्त्री, आज माझ्यासमोर एक करा,” सुपरवायझर म्हणाला. “ही फाटली तर मशीन दुसऱ्याकडे देईन. माझाही इलाज नाही.”

मिस्त्रीने ज्योत धरली. कान बाकाकडे लागले होते. तिथे ती श्वास कोंडून लालबुंद झाली होती. शेवटी खोकला फुटलाच.

त्याने ज्योत काढली. जरा लवकर झालं, असं त्याला वाटलं खरं, पण बायकोवर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती. रूळ दाबला. नळी टर्रकन फाटली.

“साबण अजून पिवळाच आहे, मिस्त्री,” सुपरवायझर म्हणाला. मग त्याने बाकाकडे पाहिलं. ती रुमालात तोंड खुपसून रडत होती. त्याला काय ते उमगलं. “उद्यापासून बाईंच्या शेजारी बसून नळ्या बांधा,” तो हळूच म्हणाला.

उद्याची वाट न पाहता मिस्त्री स्टूल उचलून बाकापाशी गेला.

“माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली.

“काढ तो रुमाल. आता खोक पोटभर.”

ती खोकत राहिली. शेजारी बसल्या बसल्या त्याचा रिकामा हात प्रत्येक खोकल्यासरशी ज्योत बाजूला घेत होता.