शिंप्याचा पडदा मतदानाला गेला तेव्हा

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना पडदा आहे. रंग विचाराल तर कधीकाळी निळा होतो. आता जो उरलाय त्याला नाव नाही. शिंप्याने उरलेले तुकडे जोडून मला शिवलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगलं. माझ्यामागे जाऊन लोक नवे कपडे घालत आणि बाहेर येऊन हात पसरून विचारत, "कसं दिसतंय?" शिंपी तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणे, "झकास!"

दुपारी उन्हाचा कवडसा सरकत सरकत माझ्या अंगावर यायचा. मशीनची घरघर ऐकत मी झुलायचो आणि वाटायचं, सगळं जग असंच कुठेतरी झुलत असेल. कसलं काय! आमच्या गावात पुलाअलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले होते. निवडणूक व्हायची, पण चौकात, हात वर करून. कोणाचा हात कोणासाठी वर गेला हे सगळ्यांना दिसे. मग त्या घराच्या काचा फुटत, आणि कधी कधी माणूसच घरी परतत नसे.

शिंप्याची थोरली बहीण चौकात जायचीच नाही. तिला सगळे ताई म्हणत. तिचा थोरला मुलगा अलीकडच्यांचा, धाकटा पलीकडच्यांचा. दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं.

"इकडे आड, तिकडे विहीर," ती शिंप्याला म्हणे. "कोणासाठीही हात वर केला तरी माझा एक मुलगा जाणार. पण मलाही काही म्हणायचं असतं की रे!"

हे बोलताना ती रडायची. मला फार वाईट वाटे.

मग बंदुका थांबल्या, तह झाला आणि नवा नियम आला. मत आडोशाला द्यायचं, कोणी बघायचं नाही. मतदान शाळेत ठरलं. आता आडोसा आणायचा कुठून? मास्तरीणबाईंना मी आठवलो. शिंप्याने मला धुतलं, इस्त्री केली आणि शाळेत नेऊन स्वतःच्या हाताने टांगलं. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो होतो.

पण लोकांची सवय जाते थोडीच? पहिलाच मतदार न्हावी. तो माझ्यामागून बाहेर आला तो मतपत्रिका छातीशी उघडी धरूनच. थेट शिंप्यापुढे उभा! "कसं दिसतंय?"

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, घडी घाला, घडी! दाखवायचं नाही!"

न्हाव्याचं मत बाद झालं. पाठोपाठ गवंड्यानेही तेच केलं. दोन्ही बाजूंची माणसं दारातून वाचत होती आणि कुजबुज वाढत चालली होती.

अशात ताई आत आली. दाराच्या एका अंगाला थोरला, दुसऱ्या अंगाला धाकटा, दोघेही आपापल्या बाजूने नजर ठेवायला नेमलेले. शिक्का हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती उभी होती. तिचा श्वास मला लागत होता. मग तिने शिक्का मारला आणि तिचे डोळे भरून आले. तिने माझी कड ओढून डोळे पुसले मात्र, भिंतीतला खिळा निसटला आणि मी धपकन खाली!

ताई उघड्यावर, हातात उलगडलेला कागद. साऱ्या खोलीच्या माना वळल्या.

धाकटा धावला, थोरलाही धावला. मला वाटलं, आता हे कागद हिसकावणार. पण एकाने माझं एक टोक उचललं, दुसऱ्याने दुसरं. मला आईसमोर ताणून धरून दोघांनी तोंडं फिरवली.

"वर घे की जरा," थोरला म्हणाला.

"घेतलंय. तूच खाली सोडतोयस."

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलले, ते हे.

"भांडू नका रे," आतून ताई म्हणाली. "लहानपणी तुमचे कपडे बदलताना मीच असा आडोसा धरायचे. आणि बघायचं नाही हं!"

तिने सावकाश घडी घातली. दोघांचे हात भरून आले, पण कोणी मला सोडलं नाही.

तिने मत कोणाला दिलं? मी पाहिलंय, पण पोटातलं ओठांवर आणणार नाही. मित्रांनो, आता मी विरलोय, पुन्हा कधीतरी पडेनच. तेव्हा आत काय आहे ते बघू नका. आधी माझं एक टोक उचला. दुसरं उचलायला कोणीतरी येईल. तो पलीकडचा असला तरी येऊ द्या.