उंबरठ्याखालचा ठिपका

“उंबरठा इतका चढवू नकोस पोरी. चिमण्यांबरोबर एखादं माणूसही बाहेर राहायचं,” रडार दुरुस्त करणारे काका म्हणाले होते. तिने हसण्यावारी नेलं. “मग काय, चिमण्यांनाही हजेरीपटावर घेऊ?”

त्या सकाळी तिच्या पाळीत रडारच्या पडद्यावर पाखरांचा नुसता बुजबुजाट होता. दात येणाऱ्या लेकीने आठवडाभर धड झोपू दिलं नव्हतं, डोळे चुरचुरत होते. ठरावीक जोरापेक्षा मंद परतलेला प्रत्येक प्रतिध्वनी यंत्र कचरा समजून टाकून देतं. तीच मर्यादा, तोच उंबरठा तिने वर सरकवला. पडदा कसा लख्ख झाला.

दुपारी ग्लायडर शिकवणारी बाई एकटीच उडाली, ती परतलीच नाही. इंजिन नाही, पत्रा नाही. लाकूड-कापडाचं ते विमान रडारला एरवीही जेमतेमच दिसायचं. शेवटचा ठिपका समुद्राच्या तोंडाशी होता, म्हणून बोटी समुद्रच चाळत बसल्या.

घरी लेकीला थोपटताना तिला समोरच्या भिंतीवर ठिपका दिसायचा. एकदा उमटायचा, मग नाहीसा, मग जरा पुढे. ती दचकून लेकीच्या नाकाखाली बोट धरायची.

“अगं, श्वास घेतेय ती! तूच घे जरा,” सासूबाई करवादल्या.

तिसऱ्या दिवशी कळलं, संध्याकाळी शोध थांबवणार. ती तडक काकांकडे गेली. “काका, टाकून दिलेलं सगळं कुठे साठतं?”

काकांनी टोमणा मारला नाही, तेच तिला जास्त लागलं. त्यांनी गाळण्याआधीची कच्ची नोंद काढून दिली.

रडारच्या एकेका फेरीत धुळीखेरीज काही नव्हतं. मग तिने अमुक वेग, अमुक दिशा धरून वीस-वीस फेऱ्या एकीवर एक रचल्या. अंदाज चुकला की नुसती धूळ. जुळला, तर खरं असेल ते साठत जाणार. कितव्या तरी खेपेला बारीक रेघ वर आली. समुद्राकडून वळलेली, थेट दलदलीकडे. शेवटच्या ठिपक्यानंतर अकरा मिनिटं ती बाई हवेत होती, आणि हिनेच चढवलेल्या उंबरठ्याखाली दडली होती.

“पाखरं असतील,” रेघ पाहून तिचे साहेब म्हणाले. “परवा तुलाच नको होती ना ही धूळ?”

तिने ते गिळलं. “साहेब, वाऱ्याच्या तोंडावर ताशी ऐंशीने कुठलं पाखरू इतका वेळ सरळ जातं? एक गाडी पाठवा. मग मला घरी बसवा हवं तर.”

गाडी गेली. ग्लायडर लव्हाळ्यात नाक खुपसून पडलं होतं. पट्टे हाताने सोडलेले, आसन रिकामं. एका पायाची खोल आणि दुसऱ्याची फरफटत गेलेली खूण डांबरी रस्त्यापर्यंत होती. पुढे काहीच नाही. दवाखाने पाहून झाले, ठाणी पाहून झाली.

आज नववा दिवस. कामावरून सुटली की ती लेकीला कडेवर घेऊन त्या रस्त्यावरची दारं वाजवते. पण रस्ता लांब आहे आणि सगळ्या दारांशी ती पोहोचणार नाही. म्हणून हे वाचणाऱ्याला तिची विनवणी आहे: दलदलीच्या अंगाला राहत असाल, तर तुमचं बंद पंपघर, मागची खोली, पडीक गॅरेज उघडून पाहा. उंच बाई आहे, केस कापलेले, एक पाय ओढत चालणारी. डोक्याला मार असेल, हाकेला ओ देता येत नसेल. बाहेरून हाक मारून परतू नका. आत जा, आणि नाकाखाली बोट धरून पाहा.