खडूने लिहिलेली मापं

चर्चच्या मंडळीत मला ‘गाणारा पत्रेवाला’ म्हणत. आठवडाभर मी आणि धाकटा भाऊ पत्र्याच्या पेट्या करायचो आणि रविवारी उपासनेत मी निरूपण गायचो. चार वाक्यं बोलायची, पाचवं सुरात घ्यायचं, मंडळींनी ध्रुपद उचलायचं. शेजारी धाकटा, हनुवटीखाली व्हायोलिन. प्रभूने एकच गळा दोघांत वाटून दिलाय, असं लोक म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी निरूपणाचा विषय होता समेट. भावाशी वाकडं ठेवून प्रार्थनेला येऊ नये, हे मी रंगात येऊन सांगत होतो आणि व्हायोलिन सारखं सुरातून उतरत होतं. एकदा डोळे वटारले, दोनदा वटारले. तिसऱ्यांदा गाणं थांबवून सगळ्यांदेखत म्हणालो, “कान गहाण टाकून आलास काय? ठेव ते खाली आणि बस जाऊन!”

मंडळी हसली. धाकट्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पहिल्या बाकावर माझ्यासमोर येऊन बसला. ती पेटी परत उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही. मीही नाही. मी थोरला, मी का आधी बोलू?

कामाला अडचण नव्हती. मी दाराशी बसून पत्रा कापायचो, सांध्यांना डाख द्यायचो. धाकटा आत ऐरणीपाशी ठोकायचा. हे वाटप माझंच, वीस वर्षांपूर्वीचं. कापलेल्या पत्र्यावर खडूने माप लिहायचं आणि लांब बाकावरून त्याच्याकडे सरकवायचं. बोलायचं कशाला? गिऱ्हाइकं म्हणायची, “तुमच्या दुकानात पत्राच काय तो बोलतो!” मीही हसायचो.

दर रविवारी मात्र तो पहिल्या बाकावर असायचा. नजर माझ्या तोंडावर, पापणी हलत नसे. मला वाटायचं, जाब विचारतोय. मी आणखी जोरात गायचो.

बायको म्हणायची, “अहो, लोकांना सांगता त्यातलं चिमूटभर घरी आणा की.”

“त्याने तोंड उघडावं. मी कुठे नाही म्हणतोय?”

त्या मंगळवारी दुपारी पत्र्यांचा नवा गठ्ठा भिंतीला उभा टेकवलेला होता. धाकटा त्याच्याकडे पाठ करून उभा, हातोडा खाली ठेवून मी लिहिलेलं माप वाचत होता. गठ्ठ्याखालची फळी सरकताना मला दिसली.

“बाजूला हो!”

सहा वर्षांत मी त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. त्याने मान वळवली नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, अजून फुगलेलाच आहे! मी पुन्हा ओरडलो, बसल्या जागेवरून. मध्ये सहा पावलं होती. उठून धावलो असतो तर पोचलो असतो.

धाकट्याला माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी धाकटी भावजय माझ्यापाशी येऊन बसली.

“दादा, त्यांना ऐकू येत नव्हतं.”

“कधीपासून?”

“व्हायोलिन बिघडायला लागलं ना, तेव्हापासून. शेवटची चार वर्षं तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, ठोकण्याच्या आवाजाने गेलं.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“शपथ घातली होती मला. म्हणायचे, हातोडा दादानेच हातात दिलाय. त्याला कळलं तर तो गाणं सोडून देईल.”

“मग उपासनेला येऊन करायचा काय?”

“तुमचे ओठ बघायचे. सगळी निरूपणं पाठ होती. घरी येऊन मला म्हणून दाखवायचे. इतकं बेसूर, दादा...” ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच मोडलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, “रागावला होता का माझ्यावर?”

“थोडे दिवस. मग नुसती वाट बघायचे.”

रविवारी मी गायलो नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी माझ्यापर्यंत आली, ती मी तुकडा न घेता तशीच पुढे दिली. पाळकसाहेब नंतर जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “प्रभूने क्षमा केली आहे, बाबा.”

“प्रभूचं मला ठाऊक आहे, साहेब. तीस वर्षं तेच तर गातोय. धाकट्याचं काय?”

त्यांचा हात खांद्यावरच राहिला.

सोमवारी दुकान उघडलं. तो शेवटचा पत्रा कोणीतरी उचलून माझ्या बाकावर आणून ठेवला होता. एक कोपरा दुमडलेला, माझ्या अक्षरातलं माप तसंच. मी खडू काढला आणि मापाखाली लिहिलं, ‘माफ कर’. मग सवयीने पत्रा आत सरकवला. तो बाकावरून घसरत गेला आणि ऐरणीला आपटून थांबला.

थोडा वेळ तिकडे बघत बसलो. मग खडू खिशात ठेवला. सहा वर्षं खडू तिथेच तर होता.